ट्रायलमध्ये नाव घालण्याआधी

मणक्याला मार लागून एखाद्याचं कमरेखालचं किंवा मानेखालचं अंग गेलं, की पहिल्या काही आठवड्यांतच घरच्यांच्या मोबाइलवर तीन तऱ्हेचे निरोप यायला लागतात. एक असतो व्हिडिओ: पाठीत यंत्र बसवलेला परदेशातला कुणी वॉकर धरून पावलं टाकतोय. दुसरा असतो पत्ता: अमुक शहरात स्टेम सेलची इंजेक्शनं देतात, इतके डोस, इतके लाख, निम्मे पैसे आधी. तिसरा निरोप येतो एखाद्या मोठ्या हॉस्पिटलातून किंवा ओळखीच्या डॉक्टरकडून: ‘एक ट्रायल सुरू आहे, तुमच्या पेशंटचं नाव घालायचं का?’ रात्रंदिवस उशाशी बसून दमलेल्या माणसांना हे तिन्ही निरोप एकसारखेच वाटतात. पण पहिला आहे अर्धाच कानावर आलेल्या संशोधनाचा, दुसरा विक्रीचा आणि तिसरा प्रयोगात सामील होण्याचा. तिन्हींच्या वेळी काय विचारायचं आणि कागदावर काय शोधायचं, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

कडू गोष्ट आधी सांगून टाकतो. मज्जारज्जूची इजा भरून काढून गेलेली ताकद आणि संवेदना हमखास परत आणणारं औषध, इंजेक्शन किंवा ऑपरेशन आज जगात कुठेही नाही. अमेरिकेत नाही, जपानमध्ये नाही, चीनमध्येही नाही. ‘जमीन विकून तिकडे नेलं असतं तर पोरगं उभं राहिलं असतं’ असं कुणी म्हणालं, किंवा मध्यरात्री तुमच्याच मनात आलं, तर ते खरं नाही, हे पक्कं धरून ठेवा.

संशोधन मात्र थांबलेलं नाही, आणि गेल्या काही वर्षांत त्यातून थोडंफार हाती लागलं आहे. पण त्याआधी अपयशांची मोठी रांग आहे आणि ती माहीत असणं पेशंटच्या फायद्याचं आहे. जीएम-1 नावाच्या औषधाचं घ्या. 1991 मध्ये जेमतेम 37 जणांवरच्या अभ्यासात त्याचा चांगला गुण दिसला आणि मोठी आशा निर्माण झाली. मग साडेसातशेहून जास्त पेशंटांवर मोठी ट्रायल झाली. तिचा निकाल 2001 मध्ये आला: औषध मिळालेले आणि न मिळालेले, यांच्यात शेवटी ठरवलेल्या मोजमापात ठोस फरक नव्हता. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोष्ट उलट्या वाटेने गेली. मार लागल्यापासून आठ तासांच्या आत दिलं तर थोडा फायदा होतो, असं 1990 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासाने सांगितलं आणि जगभरच्या कॅज्युअल्टीत ते सर्रास दिलं जाऊ लागलं. पुढे त्या आकडेमोडीवर आक्षेप आले, जंतुसंसर्ग आणि पोटातल्या रक्तस्रावाचा धोका पुढे आला, आणि 2013 मध्ये अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या संघटनांनी ते देऊ नये अशी सूचना काढली. सगळे तज्ज्ञ आजही त्यावर एकमताचे नाहीत. मज्जारज्जूच्या आवरणावर थेट लावायच्या व्हीएक्स-210 या औषधाची ट्रायल 2018 मध्ये मधेच थांबवावी लागली, कारण पुढे जाऊनही फायदा दिसण्याची शक्यता उरली नव्हती.

ही सगळी औषधं प्राण्यांमध्ये किंवा लहान अभ्यासांत आशादायक दिसली होती. देणारे डॉक्टर प्रामाणिक होते, पेशंटांना बरं वाटलंही होतं. मग मोठ्या ट्रायलमध्ये फायदा गेला कुठे? याचं उत्तर समजलं, की बाजारातले निम्मे दावे तुम्ही स्वतःच ओळखाल, म्हणून इथे थोडं थांबू.

मज्जारज्जूच्या इजेची तपासणी जगभर एकाच पद्धतीने होते. तपासणारा कापसाचा बोळा आणि सेफ्टी पिन घेऊन बसतो. अंगाच्या प्रत्येक बाजूला 28 जागा ठरलेल्या आहेत. प्रत्येक जागी आधी कापूस टेकवायचा, मग पिनचं कधी टोक, कधी बोथट बाजू लावायची आणि विचारायचं, ‘टोचलं, की नुसतं लागलं?’ पेशंटचे डोळे मिटलेले असतात. मग प्रत्येक बाजूच्या हातापायांचे दहा स्नायू तपासून शून्य ते पाच गुण द्यायचे. दोन्ही बाजूंचे मिळून 100 होतात. शेवटी गुदद्वारापाशी स्पर्श कळतो का आणि आवळता येतं का, ते पाहायचं. या शेवटच्या तपासणीचा संकोच वाटतो, काही ठिकाणी ती गाळलीही जाते. पण इजा ‘पूर्ण’ की ‘अपूर्ण’ हे तिच्यावरच ठरतं. तिथे काहीच कळत नसेल, आवळताही येत नसेल, तर ग्रेड ए. संवेदना आहे पण हालचाल नाही, तर बी. हालचाल थोडी असेल तर सी, बरीच असेल तर डी, आणि सगळं पूर्ववत झालं तर ई.

आता महत्त्वाची गोष्ट. कुठलंही खास औषध न देता, नेहमीच्या उपचारांवर आणि फिजिओवर असलेल्या माणसांतही सुधारणा होते. सुरुवातीला ग्रेड ए असलेल्या दहा जणांपैकी साधारण आठ ए मध्येच राहतात, एखादा बी मध्ये जातो आणि एखाद्याला थोडी हालचालही येते. सुरुवातीला बी किंवा सी असलेल्यांत तर याहून बरीच जास्त सुधारणा आपोआप होते. त्यातली सगळ्यात जास्त पहिल्या तीन महिन्यांत होते, मग वेग मंदावतो, तरी दीड वर्षापर्यंत आणि कधी त्यानंतरही थोडंथोडं येत राहतं. म्हणजे मार लागून दोन महिने झालेल्या दहा पेशंटांना कुणी इंजेक्शनं दिली आणि ‘दोघांत सुधारणा’ असं छापलं, तर ती दोन माणसं इंजेक्शनाशिवायही सुधारली असती का, हे त्या आकड्यावरून सांगताच येत नाही.

म्हणून ट्रायलबद्दलचा पहिला प्रश्न: तुलना कुणाशी करणार आहात? चांगल्या ट्रायलमध्ये कुणाला नवं औषध आणि कुणाला नेहमीचा उपचार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. डॉक्टरला निवड करता येत नाही, आणि तपासणाऱ्याला कुणाला काय मिळालं ते कळू देत नाहीत. घरच्यांना हे फार लागतं. ‘आमच्या माणसाला खोटं औषध मिळालं तर?’ हा प्रश्न रास्त आहे. पण नवं औषध फायद्याचं ठरेल की तोट्याचं, हे त्या क्षणी कुणालाच ठाऊक नसतं, म्हणूनच ट्रायल असते. तुलनेच्या गटात येणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. त्या गटालाही नेहमीचा उपचार पूर्ण मिळायला हवा, आणि तो काय असेल हे लेखी विचारून घ्या.

इजा होऊन वर्षं झाली असतील तर गणित थोडं बदलतं. अशा माणसाची स्थिती बहुधा स्थिर असते, त्यामुळे नंतर झालेला बदल जास्त मोलाचा ठरतो. तरीही नवं यंत्र आलं की त्याबरोबर रोजचा तास-दोन तासांचा व्यायामही येतो आणि फायदा कशाचा हे वेगळं काढावं लागतं. मानेपाशी त्वचेवरून विद्युत उत्तेजना देणाऱ्या एका यंत्राच्या अभ्यासात हे नीट सांभाळलं होतं. 60 जणांना आधी दोन महिने नुसता पुनर्वसनाचा व्यायाम दिला, मग दोन महिने यंत्रासह. 72 टक्के लोकांत हाताची ताकद आणि काम करण्याची क्षमता या दोन्हींत आधी ठरवलेल्या मोजमापाइतकी सुधारणा दिसली. निकाल 2024 मध्ये आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या यंत्राला परवानगी दिली. वेगळा तुलना गट यातही नव्हता. यंत्र मानेतल्या अपूर्ण इजेसाठी आहे, हातासाठी आहे. पाय चालवण्यासाठी नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चालण्याच्या व्हिडिओंमागचं संशोधन खरं आहे. स्वित्झर्लंडमधलं लोझान आणि अमेरिकेतलं लुइव्हिल इथल्या गटांनी मज्जारज्जूच्या आवरणावर इलेक्ट्रोड बसवून ते केलं. 2023 मध्ये लोझानच्या गटाने मेंदूतले संकेत थेट मज्जारज्जूपर्यंत पोचवणारी जोडणीही दाखवली. ती एका माणसात होती. लुइव्हिलच्या 2018 च्या अहवालात चार जण होते, त्यांतले दोघं आधार घेऊन जमिनीवर चालले. एकाला त्यासाठी 85 आठवड्यांत 278 सत्रं लागली, दुसऱ्याला 15 आठवड्यांत 81. यंत्र चालू असेल आणि माणूस मनात आणेल तेव्हाच पाऊल पडे. सरावात एकाच्या खुब्याचं हाडही मोडलं, कारण वर्षानुवर्षं भार न पडलेली हाडं ठिसूळ होतात. व्हिडिओत हे आकडे नसतात. असा व्हिडिओ आला, की किती जणांत, किती महिन्यांत, यंत्र बंद केल्यावर काय आणि कुठल्या आधाराने, हे चार प्रश्न विचारायचे.

आता स्टेम सेल. हा विषय टाळून चालणार नाही, कारण सर्वांत जास्त पैसा इथेच जातो. जपानमध्ये 2018 च्या डिसेंबरमध्ये पेशंटच्याच अस्थिमज्जेतल्या पेशींच्या एका उपचाराला सशर्त परवानगी मिळाली. ती 13 जणांच्या, तुलना गट नसलेल्या अभ्यासावर मिळाली, आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली. टोकियोच्या केयो विद्यापीठाने प्रयोगशाळेत तयार केलेल्या पेशी ताज्या इजेच्या चार जणांत घातल्या. त्या अभ्यासाचा मुख्य प्रश्न सुरक्षिततेचा होता. 2025 मध्ये त्यांनी सांगितलं, की गंभीर दुष्परिणाम दिसला नाही आणि दोघांच्या हालचालीत सुधारणा झाली. पुढचं पाऊल टाकायला हे पुरेसं आहे. तुमच्या पेशंटला उद्या टोचायला पुरेसं नाही.

‘स्वतःच्याच पेशी आहेत, अपाय कसला?’ हे वाक्य तुम्ही ऐकाल. नाकातल्या अस्तराच्या पेशी मज्जारज्जूत घातलेल्या एका तरुणीला आठ वर्षांनी पाठदुखी सुरू झाली. तपासलं तर तिथे चिकट स्राव करणारी गाठ वाढली होती, ती ऑपरेशन करून काढावी लागली. डॉक्टरांनी 2014 मध्ये हे प्रसिद्ध केलं. पेशी तिच्याच होत्या.

भारतात नियम काय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा कुठलाही वापर हा प्रयोग धरला जातो. तो मान्यताप्राप्त ट्रायलमध्येच करता येतो आणि उपचार म्हणून विकता येत नाही. मज्जारज्जूची इजा त्या मान्य यादीत नाही. ओळखीची खूण त्यामुळे सोपी आहे: प्रयोग तुमच्यावर आणि पैसेही तुमचेच, असं असेल तर उठून बाहेर या. खऱ्या ट्रायलमध्ये ज्या औषधाची किंवा यंत्राची परीक्षा चालू आहे त्याचा खर्च ट्रायल करणारे उचलतात. ‘पॅकेज’, ‘डिस्काउंट’, ‘या महिन्यात दोनच जागा’ हे शब्द ट्रायलचे नाहीत.

नवं औषध आणि क्लिनिकल ट्रायल यांचे नियम 2019 मध्ये आले आणि ते पेशंटच्या बाजूचे आहेत. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळायला हवेत, भरपाईची तरतूद आहे, आणि प्रत्येक ट्रायलवर नोंदणीकृत एथिक्स कमिटीची देखरेख हवी. ट्रायल खरी आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय, 2007 पासून आहे आणि सगळ्यांना पाहायला खुली आहे. प्रत्येक नोंदीला सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि क्रमांक असा नंबर असतो. तो मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच समजून जा. नंबर मिळाला की नोंद उघडा: किती पेशंट घेणार, तुलना गट आहे का, कोणत्या हॉस्पिटलांत चालू आहे, कुणाला घेत नाहीत, मुख्य मोजमाप कोणतं. इंग्रजी अवघड वाटलं तर कॉलेजात जाणाऱ्या भाचीला शेजारी बसवा. एक सावधगिरी मात्र हवी. रजिस्ट्रीत नाव असणं म्हणजे सरकारने पारखून ‘हे गुणकारी आहे’ असा शिक्का मारणं नव्हे. ती फक्त नोंद आहे, आणि काही दुकानदार तिचाच सर्टिफिकेटासारखा वापर करतात.

मग येतो संमतीचा कागद. दहा-पंधरा पानं असतात आणि ‘इथे सही करा’ म्हणून शेवटचं पान पुढे केलं जातं. तसं करू देऊ नका. कागद तुमच्या भाषेत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे, मराठी प्रत मागा. घरी न्या, दोन दिवस वाचा. त्यात धोके कोणते लिहिले आहेत, किती वेळा यावं लागेल, जादा एमआरआय किंवा कमरेतून पाणी काढण्यासारख्या तपासण्या किती आहेत, मधेच सोडलं तर काय होईल आणि एथिक्स कमिटीत कुणाला फोन करायचा, हे सापडायला हवं. ट्रायल केव्हाही, कारण न देता सोडता येते, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. सही केल्यावर तुमची प्रत घेतल्याशिवाय खोलीतून निघू नका.

सही कुणाची, हा आपल्याकडचा नाजूक प्रश्न आहे. वडील, मोठा भाऊ, नवरा परस्पर ठरवतात आणि पलंगावरच्या माणसाला नंतर सांगितलं जातं. मार मणक्याला लागला आहे, बुद्धीला नाही. शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाची संमती त्याचीच हवी. त्याला नको असेल तर नको. हात हलत नसल्यामुळे सही जमत नसेल, तर निष्पक्ष साक्षीदारासमोर संमती घेण्याची पद्धत आहे, त्यासाठी दुसऱ्याने निर्णय घेण्याची गरज नाही. खूपदा पेशंट ‘हो’ म्हणतो तो घरच्यांच्या डोळ्यांतली आशा पाहून. त्याच्याशी एकदा एकट्याने बोलून घ्या.

बोलताना हेही विचारा, की तुला नेमकं काय परत हवंय. घरच्यांच्या मनात चालणं असतं. अमेरिकेत 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 681 जणांना हाच प्रश्न विचारला होता. हात आणि पाय दोन्ही गेलेल्यांनी सर्वांत आधी हात मागितले. दोन्ही पाय गेलेल्यांच्या यादीत लैंगिक जीवन पहिलं आलं. लघवी-शौचावरचा ताबा दोघांनाही फार महत्त्वाचा वाटत होता. ट्रायल जे मोजणार आहे आणि पेशंटला जे हवं आहे, त्यांचा मेळ बसतो का ते पाहा. पिन टोचलेली दोन इंच खाली कळू लागणं शास्त्राच्या दृष्टीने मोठं आहे, पण त्यासाठी पाठीचं ऑपरेशन करून घ्यायचं का, हे त्यानेच ठरवायचं.

आणखी एक गोष्ट कागदावर बहुधा ठळक नसते. एका प्रयोगात गेलात, की पुढच्या प्रयोगांची दारं बंद होऊ शकतात. ज्याला आधी कुठल्याही पेशी टोचल्या आहेत त्याला पेशींच्या अनेक ट्रायल घेत नाहीत, कारण नंतर फायदा किंवा अपाय कशाचा हे सांगता येत नाही. मज्जारज्जूत एकदा सोडलेल्या पेशी परत काढताही येत नाहीत. म्हणजे आज घाईने, पैसे देऊन घेतलेल्या इंजेक्शनाची किंमत फक्त लाखांत नसते. याउलट त्वचेवरून दिली जाणारी उत्तेजना थांबवता येते. धोका आणि परतीची वाट, दोन्हींचा विचार करून क्रम लावा.

ताज्या इजेच्या ट्रायलना वेळेचं बंधन असतं, काहींना तासांचं, काहींना आठवड्यांचं. तिथे निर्णय लवकर घ्यावा लागतो. पण त्या ट्रायल ज्या हॉस्पिटलात पेशंट दाखल आहे तिथेच असतील तरच कामाच्या. त्यासाठी मणका स्थिर न केलेल्या माणसाला गाडीत घालून राज्य ओलांडू नका. वर्षं झालेल्यांना असली घाई कधीच नसते.

ट्रायल मिळो न मिळो, शरीर राखणं चालूच राहायला हवं. बहुतेक ट्रायल चालू बेडसोअर, वारंवार होणारा लघवीचा जंतुसंसर्ग किंवा आखडून गेलेले सांधे असलेल्या माणसाला घेत नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलणं, स्वच्छ कॅथेटर, रोज सांधे हलवणं, व्हीलचेअरवर बसल्यावर दर थोड्या वेळाने अंग उचलणं, हीच उद्याच्या कुठल्याही उपचाराची पूर्वतयारी आहे. मुंबईत हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, दिल्लीत इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटर आहे. पेशंटला आणि सोबतच्या माणसाला हे सगळं शिकवणाऱ्या अशा एखाद्या ठिकाणी काही दिवस काढणं, हा माझ्या मते पहिला खर्च असावा. स्टेम सेलसाठी बाजूला काढलेल्या पैशातून चांगली व्हीलचेअर, हवेची गादी आणि घरातल्या दारांची रुंदी आधी होऊ द्या.

ट्रायलच्या चौकशीसाठी एक फाइल आजच करा. अपघाताची तारीख आणि वेळ, पहिला एमआरआय (सीडीसकट), ऑपरेशनच्या नोंदी, बसवलेल्या स्क्रू-रॉडचा प्रकार आणि ए ते ई ग्रेड लिहिलेला तपासणीचा तक्ता तिच्यात हवा. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘पॅराप्लेजिया’ लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना तो तक्ता भरून मागा, आणि सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा करून घ्या. कुठल्याही ट्रायलवाल्याचा पहिला प्रश्न त्या तक्त्याबद्दल असतो. भाग घेतलात तर शेवटच्या भेटीत निकाल तुम्हाला कधी आणि कसा कळवणार, हे लिहून घ्या. निकाल ‘उपयोग झाला नाही’ असा असला तरी.